बीजावाचून चाललेली घराणी

दिवाळीच्या किल्ल्यावर हिरवळ आणण्याच्या दोन रीती पुण्याच्या पेठांतून चालत आल्या आहेत. एक म्हणजे चार-सहा दिवस आधी माती भिजवून तिच्यावर हळीव किंवा मोहरी टाकायची. दुसरी म्हणजे ओल्या भिंतीवर, न्हाणीमागच्या दगडावर पावसाळाभर धरलेले मखमली शेवाळ सुरीने अलगद सोडवायचे आणि बुरुजांवर थापायचे. पोरांच्या दृष्टीने दोन्ही हिरवळी सारख्याच. महाराज वर बसले आणि मावळे पायथ्याशी उभे राहिले की कोणती पेरलेली आणि कोणती खरवडून आणलेली हे कोणी विचारीत नाही. पण त्या हातभर मातीवर वनस्पतींची दोन अगदी निराळी घराणी शेजारी शेजारी नांदत असतात. हळीव बियांतून आलेला. शेवाळाच्या सात पिढ्यांतच काय, सात कोटी पिढ्यांत कोणी बी पाहिलेले नाही.

पृथ्वीवर फुले उमलू लागली त्याला फार तर तेरा-चौदा कोटी वर्षे झाली. वनस्पती पाण्यातून जमिनीवर आल्या त्या सुमारे ४५ कोटी वर्षांपूर्वी. मधल्या अफाट काळात रानेच्या राने झाली आणि गेली, त्यांत फूल नव्हते. आणि पहिली काही कोटी वर्षे तर बीही नव्हते. शेवाळे आणि नेचे ही त्या काळातली मंडळी. नेचे म्हणजे आपण कुंडीत लावून ज्यांना ‘फर्न’ म्हणतो ते. मराठीत इतका सुटसुटीत शब्द असताना तो पुस्तकातच राहिला.

आपल्या लोकांनी या वनस्पतींकडे अगदीच पाठ फिरवली होती असे मात्र नाही. कोकणात आंब्याफणसाच्या खोडावर तपकिरी, कागदासारख्या कोरड्या पानांची परडी धरून वर हिरवी कातरलेली पाने मिरवणारा एक नेचा दिसतो. त्याला ‘बाशिंग’ म्हणतात. झाडाच्या कपाळी बाशिंग बांधल्यासारखा दिसतो म्हणूनच हे नाव पडले असावे, आणि ज्याने ते ठेवले त्याची नजर कवीची होती. ती कोरडी पाने मेलेली वाटतात. पण गळणारा पालापाचोळा अडवून, कुजवून स्वतःपुरती माती तयार करणे हे त्यांचे काम. झाडावर राहून झाडाचे काही न खाणारा असा हा पाहुणा आहे. काळ्या देठाचा नाजूक ‘हंसराज’ आणि मोराच्या तुऱ्यासारखी पसरलेली ‘मयूरशिखा’ काष्ठौषधींच्या दुकानात मिळतात. म्हणजे औषध म्हणून ओळख होती. या झाडांना मुले होतात ती कशी, हा प्रश्न मात्र वैद्याला पडायचे कारण नव्हते.

कोचीचा डच अधिकारी व्हान ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींचा ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. १६७८ ते १६९३ या काळात तो ॲमस्टरडॅमला छापला गेला. त्याच्या पहिल्या खंडात रंगभट, विनायक पंडित आणि आपूभट या तीन कोंकणी वैद्यांची ग्वाही नागरी अक्षरांत छापलेली आहे, आणि शेवटच्या खंडात नेच्यांची चित्रे आहेत. पाने, देठ, मुळ्या, सारे हुबेहूब. फूल दाखवायला जागा ठेवावी तर फूल नाही!

युरोपातल्या लोकांना हे फूल नसणे फार खटकत असे. प्रत्येक झाडाला बी असलेच पाहिजे, नेच्याचे दिसत नाही, तेव्हा ते अदृश्य असले पाहिजे. आणि जो ते मिळवील तो स्वतः अदृश्य होईल, अशी तिकडे पिढ्यान्‌पिढ्या समजूत होती. उन्हाळ्यातल्या एका ठरावीक मध्यरात्री ते गोळा करायला माणसे रानात जात. आपल्याकडच्या पायाळू माणसाच्या आणि गुप्तधनाच्या गोष्टींच्याच जातीची ही गोष्ट. १७३५ साली स्वीडनच्या लिनियसने साऱ्या वनस्पतींचे चोवीस वर्ग पाडले, तेव्हा तेवीस वर्ग फुलांच्या अवयवांवरून झाले आणि उरलेला सगळा गाळ त्याने चोविसाव्या वर्गात घातला. त्याचे नाव ‘क्रिप्टोगॅमिया’, म्हणजे गुप्तविवाह करणारे. नेचे, शेवाळी, पाण्यातली शैवले, भूछत्रे, सगळी एका पंगतीत. लग्न होते खरे, पण कुठे आणि कधी ते आम्हांला ठाऊक नाही, अशी ही शास्त्रज्ञाची मोठी सभ्य कबुली होती.

हे लग्न शोधून काढायला पुढे शंभरावर वर्षे गेली. नेच्याचे पान उलटे करून पाहिले तर मागे तपकिरी ठिपके किंवा रेघा दिसतात. कीड लागली म्हणून पुष्कळ गृहिणी ते पान खुडून टाकतात. प्रत्येक ठिपक्यात बारीक पिशव्यांचे घोस असतात, आणि प्रत्येक पिशवीला एका बाजूने जाड कडांच्या पेशींची माळ असते. हवा कोरडी झाली की त्या पेशींतले पाणी उडते, माळ उलटी ताणली जाते, पिशवी फाटते. आणि ताण असह्य झाला की माळ एकदम पूर्वपदावर येऊन आतली धूळ गलोलीतल्या खड्यासारखी भिरकावते. ही धूळ म्हणजे बीजुके. बी आणि बीजुक यांत फरक असा, की बीच्या पोटात गर्भ असतो, त्याची शिदोरी असते आणि वर पांघरूण असते. बीजुक म्हणजे नुसती एक पेशी, जवळ जवळ रिकाम्या हाताने निघालेली.

जमेकात असलेल्या जॉन लिंडसे नावाच्या डॉक्टराने ही धूळ कुंडीत पेरली आणि रोज सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. ती उगवली, पण उगवली ती नेचा होऊन नव्हे. नखाएवढी, हृदयाच्या आकाराची, जमिनीला चिकटलेली हिरवी चकती आली, आणि त्या चकतीतून पुढे नेचा निघाला. १७९४ साली हे लंडनमध्ये छापले गेले. चकतीच्या पोटाखाली नरपेशी असतात असे १८४४ मध्ये कळले आणि अंडपेशी असतात हे १८४८ मध्ये. नरपेशीला पोहण्याचे केस असतात. चकतीखाली पाण्याचा थेंब असला तर ती पोहत जाऊन अंडपेशीला गाठते, नाही तर सारे व्यर्थ. हे ते गुप्त लग्न! मांडव नखाएवढा, मुहूर्त पावसाचा.

या सगळ्या सुट्या बातम्या ज्याने एका सूत्रात ओवल्या, त्या माणसाविषयी मला फार आपुलकी वाटते. विल्हेल्म होफमाइस्टर हा लाइपझिग शहरातला पुस्तकांचा आणि संगीताच्या वह्यांचा दुकानदार. पंधराव्या वर्षाच्या सुमारास शाळा सुटली, कॉलेजचे तोंड पाहिले नाही. दृष्टी इतकी अधू की वस्तू नाकाला लावून पाहावी लागे. सूक्ष्म काप घेताना हाच दोष त्याच्या कामी आला. पहाटे चार ते सहा वनस्पती, मग दुकान. १८५१ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्याने ग्रंथ छापला. शेवाळापासून नेच्यापर्यंत आणि तिथून सूचिपर्णी वृक्षांपर्यंत साऱ्यांच्या आयुष्यात दोन पिढ्यांचा एकच फेरा चालतो, एक पिढी बीजुके देणारी आणि दुसरी नरपेशी-अंडपेशी देणारी, असे त्याने त्यात दाखवून दिले. डार्विनचा ग्रंथ येण्यापूर्वी आठ वर्षे वनस्पतींची वंशावळ एक आहे याचा हा पुरावा दुकानाच्या गल्ल्यामागून आला. १८६३ मध्ये हायडेलबर्ग विद्यापीठाने त्याला प्राध्यापक केले.

घरगुती भाषेत सांगायचे तर नेच्याच्या कुळात नातू आजोबांसारखा असतो, मुलगा कोणासारखाच नाही. मोठा नेचा आजोबा, त्याच्या बीजुकातून आलेली चकती हा मुलगा, चकतीवर जन्मलेला नेचा हा नातू. शेवाळात मानपान उलटे. तिथे आपल्याला दिसणारी हिरवी मखमल ही चकतीच्या पिढीची, आणि तिच्यावर बारीक देठाला टोपी घातलेली जी कुपी उभी राहते ती दुसरी पिढी, जन्मभर आईच्या अंगावरच जेवणारी. आंबा-वड-गुलाबात ही चकतीची पिढी फुलाच्या पोटात काही पेशींपुरती उरली. म्हणजे बीजाच्या घराण्यांनीही जुनी रीत सोडलेली नाही. फक्त ती माजघरात नेली.

एका नेच्याने आपल्या सकाळच्या चहाचीही सोय केली आहे. १८२९ च्या सुमारास लंडनच्या नथानिएल वॉर्ड या डॉक्टराने पतंगाचा कोश ओल्या मातीत घालून बाटली बंद केली. पतंगाचे राहिले बाजूला, बाटलीत नेचा उगवला आणि बाहेरच्या धुरकट हवेत न जगणारे ते रोप आत वर्षानुवर्षे टवटवीत राहिले. त्यावरून वॉर्डने काचेच्या बंद पेट्या केल्या, आणि त्या पेट्यांतून रॉबर्ट फॉर्च्यूनने १८५१ पर्यंत चीनमधली चहाची हजारो रोपे हिमालयाच्या पायथ्याला आणली. असो.

आता पुण्याकडे येऊ. इथल्या कॉलेज ऑफ सायन्सचे, म्हणजे आजच्या अभियांत्रिकी विद्यापीठाचे, प्रिन्सिपॉल थिओडोर कुक हे मूळचे रेल्वेचे इंजिनिअर. त्यांनी निवृत्तीनंतर मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा कोश लिहिला. १९०१ ते १९०८ या वर्षांत तो भागाभागांनी निघाला आणि आजही अभ्यासकांच्या टेबलावरून हललेला नाही. पण कुकसाहेबांनी फुलणाऱ्या, बी धरणाऱ्या झाडांपाशी पूर्णविराम दिला. नेचे दाराबाहेरच राहिले. दक्षिणेत मद्रासच्या जंगल खात्यातल्या बेडोमने १८६३ पासून नेच्यांची चित्रांसह पुस्तके काढली होती. आपल्या इलाख्याला मात्र १९२२ पर्यंत थांबावे लागले. त्या साली मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजातले स्विस पाद्री एथेलबर्ट ब्लाटर आणि त्यांचे सहकारी डाल्मेडा यांनी ‘द फर्न्स ऑफ बॉम्बे’ प्रसिद्ध केले. खंडाळा, माथेरान, महाबळेश्वर, कारवार, कुठे कोणता नेचा मिळतो हे आता एका जागी सापडू लागले.

पुणे विद्यापीठ १९४९ साली निघाले. तिथल्या वनस्पतिशास्त्र विभागाची धुरा पुढे ज्यांनी वाहिली त्या त्र्यंबक शंकर महाबळे यांचा जीव या बीजहीन वनस्पतींवर आणि त्यांच्या अश्मीभूत पूर्वजांवर होता. पहिल्या पावसानंतर टेकड्यांच्या गवतात एक लहानसे पान आणि त्यातून निघालेली एक हिरवी काडी, एवढाच देह असलेला एक नेचा उगवतो. काडी सापाच्या जिभेसारखी, म्हणून त्याचे शास्त्रीय नावही त्याच अर्थाचे, ‘ओफिओग्लॉसम’. याच्या भारतातल्या जाती नेमक्या किती, या गुंत्यावर महाबळ्यांनी १९६२ मध्ये लिहिले. गुंता साधा नव्हता. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात. या बोटभर रोपाच्या एका जातीत ती बाराशेहून अधिक असल्याचे केरळातल्या अब्राहम आणि निनान या संशोधकांनी १९५४ पासून दाखवून दिले. एवढी गुणसूत्रे दुसऱ्या कोणत्याही वनस्पतीत आजवर मिळालेली नाहीत. मोठेपणाचा आणि आतल्या पसाऱ्याचा काही संबंध असतो, असे समजणाऱ्यांनी हे रोप एकदा पाहून यावे.

अश्मीभूत पूर्वजांची खाण आपल्या शेजारीच आहे. नागपूरच्या उत्तरेला छिंदवाडा जिल्ह्यात सौसर आणि मोहगाव कलान हा मराठी बोलणारा मुलूख. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा थरांमागून थर पसरत होता, तेव्हा दोन थरांच्या मधल्या काळात तिथे तळी साचली, त्यांत वनस्पती वाढल्या आणि पुढच्या लाव्ह्याखाली गारगोटी होऊन राहिल्या. बिरबल साहनी आणि राव यांना तिथे अझोला मिळाला. पाण्यावर तरंगणारा हा चिमुकला नेचा आपले शेतकरी आज भातखाचरात नत्रासाठी आणि गोठ्यात चाऱ्यासाठी वाढवतात. त्याच पाणनेच्यांच्या कुळातले एक अश्मीभूत फळ साहनींनी रोडे या भूशास्त्रज्ञाचे आणि दक्षिण देशाचे नाव जोडून ‘रोडेआयटिस दक्षिणी’ म्हणून नोंदवले. मराठी आडनाव साडेसहा कोटी वर्षांच्या दगडावर कोरले गेल्याचे असे उदाहरण विरळाच.

पण या घराण्यांतला सगळ्यांत खानदानी पुरुष पाहायचा तर पावसाळ्यात पाचगणीच्या टेबल लँडवर जावे. जांभ्या दगडाच्या त्या सपाटीवर घोट्याएवढ्या पाण्याची डबकी साचतात आणि त्यांत लसणीच्या पातीसारखे झुबके उभे राहतात. गुराखीही त्याला गवतच म्हणणार. त्याचे नाव ‘आयसोइटिस’. पात उपटून तिचे बूड उकलले तर आत खसखशीहून लहान पांढरे दाणे दिसतात, ती स्त्री-बीजुके. शेजारच्या पातीत पिठासारखी पूड असते, ती नर-बीजुके. ज्या फेऱ्याने पुढे कधीतरी बी घडवले, त्याच्या वाटेवर दोन पावले टाकून हे घराणे थांबले.

याचे जवळचे आप्त तीस कोटी वर्षांपूर्वी शंभर शंभर फूट उंचीचे वृक्ष होते. खोडावर शंकरपाळ्यांची नक्षी असलेल्या त्या वृक्षांचा युरोप-अमेरिकेत दगडी कोळसा झाला, आणि त्या कोळशावर इंग्रजांची आगगाडी आणि आगबोट चालली. (आपला वणी-चंद्रपूरचा कोळसा त्याहून अलीकडचा आणि मुख्यतः ग्लॉसोप्टेरिस नावाच्या बी असलेल्या झाडांचा.) ते वृक्ष गेले, त्यांच्या भावकीतला हा वीतभर झुबका राहिला. डबक्यातल्या पाण्यात दिवसा कर्बवायू तुटपुंजा असतो, म्हणून याच्या काही जाती तो रात्री साठवून ठेवतात आणि दिवसा उन्हात वापरतात. निवडुंगाची ही वाळवंटी युक्ती पाण्यातल्या झाडाने वापरावी, हे १९८१ साली कॅलिफोर्नियात आढळले तेव्हा शास्त्रज्ञही चक्रावले.

भारतातली याची एक जाती लिनियसच्या मुलाने १७८२ मध्येच कोरोमंडल किनाऱ्यावरून नोंदवली होती. महाबळ्यांनी १९३८ साली एका जातीला सह्याद्रीचे नाव दिले. १९४५ साली शेंडे यांनी पाचगणीची एक जाती दीक्षित या आडनावाने प्रसिद्ध केली. आणि १९९३ मध्ये अलाहाबादच्या श्रीवास्तव, पंत आणि शुक्ल यांनी आणखी एका जातीला पाचगणीचेच नाव दिले. ज्या सपाटीवर पिढ्यान्‌पिढ्या साहेब आणि सहली हिंडत आल्या, तिथल्या डबक्यांतली ही नावे. सह्याद्रीतून आजही आयसोइटिसच्या नव्या जातींची नोंद होतेच आहे.

नववीच्या विज्ञानात थॅलोफायटा, ब्रायोफायटा, टेरिडोफायटा अशी ओळ मुले पाठ करतात. परीक्षेपुरती ती ठीक आहे. शास्त्राने मात्र ती ओळ मोडली आहे. भूछत्रे तर वनस्पतीच नव्हेत असे ठरून ती निराळ्या सृष्टीत गेली. आणि २००१ च्या सुमारास वनस्पतींची जनुके ताडून पाहिली तेव्हा कळले, की नेचे आणि बी असलेली झाडे ही एकमेकांची चुलत भावंडे, तर आयसोइटिसची शाखा त्यांच्याही आधी वेगळी निघालेली. कुंडीतला फर्न दारच्या आंब्याला जितका जवळचा आहे, तितका तो आयसोइटिसला नाही. २०१६ साली जगभरच्या अभ्यासकांनी मिळून नवी मोजदाद केली: नेचे सुमारे १०,५०० जातींचे आणि ही दुसरी शाखा तेराशेच्या घरात.

खुद्द पुण्यात नेचा पाहायचा तर जुनी भिंत गाठावी. चुन्याच्या दर्जांत टेरिस विटाटा नावाचा, लांब निमुळत्या पात्यांच्या शिडीसारखा नेचा हौसेने वाढतो. त्याला चुना आवडतो. वाड्यांच्या भिंती, विहिरींचे कठडे, नदीकाठचे घाट ही त्याची घरे. २००१ मध्ये फ्लोरिडात असे दिसून आले, की हा नेचा जमिनीतला सोमल शोषून पानांत साठवतो, वाळल्या पानाच्या वजनात शेकडा दोन हिश्शांपर्यंत, आणि स्वतः मजेत राहतो. विषारी झालेली जमीन धुऊन काढायला तेव्हापासून त्याचा उपयोग होऊ लागला. इकडे वाडे पडत आहेत, आणि सिमेंटच्या गुळगुळीत भिंतीला दर्जा नसतात. तरी या नेच्याची मला फारशी काळजी वाटत नाही. त्याची बीजुके वाऱ्यावर आहेत, आणि गळके नळ पुण्यात पुष्कळ आहेत.

काळजी आहे ती पाचगणीच्या झुबक्यांची. त्यांची बीजुके पातीच्या बुडाशीच राहतात. ती वाऱ्याने फार दूर जात नाहीत, डबक्यातून डबक्यात चिखलाबरोबर सरकतात. सपाटीवर मातीचा थर बोटभर, खाली जांभा. पाचगणी-महाबळेश्वरचा प्रदेश २००१ मध्ये केंद्र सरकारने पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील म्हणून घोषित केला. सपाटीवरून माणसांची आणि घोड्यांची ये-जा चालूच असते. दिवाळीच्या सुट्टीत जी कुटुंबे तिथे जातात त्यांना हे झुबके दिसायचे नाहीत. तोवर डबकी आटलेली असतात, पाती वाळून गेलेल्या असतात, आणि कांद्याच्या बुडख्याएवढे कंद फोटो काढणाऱ्यांच्या पायांखाली दोन बोटे खोल, पुढच्या जूनपर्यंत निजलेले असतात.